लघवीला मुंग्या लागायची वाट बघू नका

दिवाळीनंतर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या मामांनी एक मेसेज पाठवला. तोच त्याच आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर आला आणि लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका गुरुजींनीही मला फोनवर दाखवला. ‘मधुमेह आहे की नाही, घरच्या घरी ओळखा’ असं वर लिहिलेलं. आत पाच गोष्टी: लघवीला मुंग्या लागत नसतील तर शुगर नाही, गोड न खाणाऱ्याला आणि अंगाने बारीक असणाऱ्याला शुगर होत नाही, तहान, थकवा, वजन उतरणं हे उन्हाने नाहीतर कामाच्या ताणाने होतं, पूर्वी २०० पर्यंतची साखर नॉर्मलच धरायचे, औषध कंपन्यांनी आकडा खाली आणला, आणि एकदा तपासलं की गोळी जन्माची मागे लागते, म्हणून आधी तीन महिने कारल्याचा रस घेऊन बघा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १७ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मी डॉक्टर नाही, कुणाला औषध सांगत नाही. पण पायाची जखम चिघळल्यावर पहिल्यांदा शुगर तपासायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘आधी कधी बघितलीच नव्हती का?’ असं विचारल्यावर खाली गेलेल्या त्यांच्या माना पाहिल्या आहेत. मामा स्वतः ५४ वर्षांचे, आजीला शुगर होती. त्यांनी हा मेसेज मनापासून, आपल्या माणसांच्या काळजीनेच पाठवला. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

मुंग्यांची गोष्ट आधी घेते, कारण ती निम्मी खरी आहे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी लघवीतला गोडवा ओळखला आणि आजाराला मधुमेह हे नाव दिलं. रक्त तपासायची सोय नसलेल्या काळात ते मोठंच निरीक्षण होतं. पण लघवीत साखर उतरते कधी? मूत्रपिंड रक्त गाळतं तेव्हा साखरही गाळून घेतं आणि ती परत रक्तात ओढून घेतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ही परत ओढायची ताकद संपते आणि उरलेली साखर लघवीतून बाहेर पडते. मधुमेहाचं निदान मात्र उपाशीपोटी १२६ ला होतं. म्हणजे सकाळी उपाशीपोटी १३० ते १६० साखर असलेल्या माणसाला मधुमेह आहे, आणि त्याच्या त्या वेळच्या लघवीत साखरेचा कण नसतो. मुंग्या येणार कशाला? वय झालेल्यांच्यात तर हा १८० चा उंबरठा आणखी वर सरकलेला असू शकतो. उलट गरोदर बाईच्या लघवीत मधुमेह नसतानाही साखर दिसू शकते. हल्ली मधुमेहाच्या काही गोळ्या तर मुद्दाम लघवीवाटेच साखर बाहेर काढतात, त्यामुळे शुगर आटोक्यात असलेल्या माणसाच्या लघवीतही ती सापडते. मुंग्यांवरून ना ‘आहे’ म्हणता येतं, ना ‘नाही’.

साखर १२६ च्या वर गेल्यापासून ती लघवीत दिसेपर्यंतच्या मधल्या वर्षांत शरीर गप्प बसलेलं नसतं. १९९८ साली निकाल जाहीर झालेला ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आहे, ५,००० हून अधिक नव्या रुग्णांचा. त्यातल्या जवळपास निम्म्यांना निदान झालं त्याच दिवशी डोळे, नसा, रक्तवाहिन्या यांपैकी कुठेतरी इजा झाल्याची खूण सापडली होती. लक्ष द्यायचंच असेल तर तळपायाला येणाऱ्या मुंग्यांकडे द्या. रात्री पायाची आग होते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खिळा टोचला तरी दुखत नाही, हे कुणी सांगितलं तर त्यांना त्याच आठवड्यात तपासायला घेऊन जा.

आता बारीक माणसाबद्दल. हा गैरसमज मोडणारं संशोधन आपल्या पुण्यातलंच आहे, याचा मला अभिमान वाटतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे दिसतात, पण चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठते आणि रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला काम करू देत नाही. याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हेही पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांच्या अभ्यासात दिसलं: ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण वजन कमी भरलं तरी अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणून काट्यावर उभं राहण्यापेक्षा कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या पुढे असेल, आई किंवा वडिलांना शुगर असेल, काम बैठं असेल आणि वय पस्तिशीच्या पुढे गेलं असेल, तर काही होत नसतानाही तपासा. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाड कातडी दिसते. आया ती मळ समजून घासतात. तो मळ नसतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

गोड न खाण्याचं थोडक्यात सांगते. भात, भाकरी, पोहे, साबुदाणा या सगळ्याची शेवटी साखरच होते. ‘मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या रिपोर्टवर मी २५० च्या पुढचे आकडे टाईप केले आहेत.

तहान आणि वजनाच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण इथे खरोखर लोक फसतात. साखर रक्तात साठून राहते, पेशींच्या आत जात नाही. मूत्रपिंड ती बाहेर टाकताना सोबत पाणी ओढून नेतं, म्हणून लघवी वाढते. पाणी गेलं म्हणून घशाला कोरड पडते. पेशी उपाशी राहिल्या म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं, आणि माणूस दोन भाकरी जास्त खाऊनही उतरत जातो. मग उन्हाळ्याची तहान वेगळी कशी ओळखायची? उन्हात घाम जातो, त्यामुळे लघवी कमी होते, पिवळी होते. शुगरमध्ये तहान वाढते आणि लघवीही वाढते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, उशाशी तांब्या ठेवावा लागतो. न ठरवता, न चालता महिन्या-दोन महिन्यांत चार-पाच किलो वजन गेलं असेल तर कौतुक करू नका. कारण शुगर नसेल तर क्षयापासून थायरॉईडपर्यंत दुसरं काही असू शकतं. तपासणी दोन्हीकडून हवीच.

काही लक्षणं माणसं बोलूनच दाखवत नाहीत. बायका जांघेतल्या खाजेवर, अंगावरून पांढरं जाण्यावर वर्षभर मलम लावत राहतात. औषध संपलं की आठ दिवसांत त्रास पुन्हा सुरू. पुरुष लघवीच्या जागेची कातडी फाटते हे घरात कुणालाच सांगत नाहीत. साखर वाढली की बुरशीला तिथे आयतं खाद्य मिळतं, एवढंच त्यामागचं कारण असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुन्हा पुन्हा होणारं गळू, न भरणारी जखम, वर्षात दोनदा बदललेला चष्म्याचा नंबर, जेवल्यावर डोळे उघडे ठेवता न येणं या सगळ्यांना दुसरी कारणंही असतात, मान्य. पण ती शोधायच्या आधी एका रक्त तपासणीने एक शक्यता बाजूला काढता येते.

आकडा खाली ओढल्याच्या आरोपात एक खरा धागा आहे, तो लपवायचं कारण नाही. १९७९-८० पासून उपाशीपोटीची रेघ १४० वर होती. १९९७ साली अमेरिकेच्या तज्ज्ञांनी ती १२६ वर आणली आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती घेतली. का? ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० च्या वर जाणारे बरेच जण उपाशीपोटी १४० च्या खालीच असायचे आणि तपासणीतून निसटायचे. शिवाय डोळ्याच्या पडद्यावरची इजा कोणत्या आकड्यापासून वाढते हे वेगवेगळ्या लोकसमूहांत मोजलं गेलं होतं. दोन तासांनंतरचा २०० हा आकडा तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तोच उचलला. पण २०० च्या पुढे मधुमेह सुरू होतो, २०० पर्यंत सगळं ठीक असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. १४० ते १९९ ही आधीची पायरी आहे.

मेसेजचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. तपासल्याने आजार होत नाही, असलेला कळतो. आणि लवकर कळला तर गोळी लांबवता येते, कधी कधी टाळता येते. चेन्नईच्या एका अभ्यासात (२००६) आधीच्या पायरीवरच्या लोकांनी चालणं आणि खाणं सुधारल्यावर पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात तर निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवायला लावलं, आणि वर्षभराने ४६ टक्के जणांची साखर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेघेखाली होती. हे लवकर आलेल्यांच्या वाट्याला येतं. कारलं, मेथी भाजी म्हणून जरूर खा. पण रस सुरू करायच्या आधी एकदा साखर मोजा, नाहीतर रसाने काय केलं हे तरी कसं कळणार?

तपासणी अवघड नाही. आठ तास पोटात काही नको, चहासुद्धा नको, पाणी चालतं. आदल्या दोन दिवसांत भात सोडून, उपास करून येऊ नका. रिपोर्ट चांगला दिसावा म्हणून असं करणारे पुष्कळ आहेत, आणि ते आम्हाला नाही, स्वतःलाच फसवतात. उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा वर, यातलं एखादं आलं आणि त्रास काही नसेल तर डॉक्टर खात्रीसाठी पुन्हा तपासायला सांगतात. तहान-लघवीचा त्रास आहे आणि कोणत्याही वेळी तपासलेली साखर २०० किंवा वर आहे, तर तेवढं निदानाला पुरतं. अंगात रक्त फार कमी असेल किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर एचबीएवनसी फसवू शकते. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बराच आहे, तिथल्या लोकांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात, आशाताईंना विचारा. गरोदरपणात पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी असते, ती चुकवू नका. आणि आमच्या गोव्याच्या नातेवाइकांसाठी मुद्दाम: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

राहिले ते मेसेजमधले कारल्याच्या रसाचे ‘तीन महिने’. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांच्या खांद्यावर आली. बरीच वर्षं कोरडं राहणारं अंथरूण ती दोन आठवडे ओलं करत होती. घरच्यांना वाटलं, शाळेत कुणी रागावलं असेल. मग पोटात दुखायला लागलं म्हणून जंताचं औषध झालं. वडील लघवीची तपासणी सांगून सोमवारी रिपोर्ट न्यायला येणार होते. तिचा श्वास मला बरा वाटला नाही, खोल आणि जोरात चालला होता, आणि तोंडाला सडत आलेल्या फळासारखा वास येत होता. बोटातून थेंब घेतला तर ग्लुकोमीटरवर आकडाच आला नाही. मशीनला मोजता येईल त्याच्या वर साखर होती. मी डॉक्टरांना फोन केला, अर्ध्या तासात गाडी जिल्ह्याला निघाली. ती वाचली. आता स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचून घेते. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन देण्याआधी अशी मुलं वाचतच नव्हती.

तिला झालेल्या मधुमेहाच्या या प्रकारात (टाइप १) शरीरात इन्सुलिनच जवळजवळ उरत नाही. तो बारीक, खेळत्या, घरात कुणाला शुगर नसलेल्या मुलालाही होतो, कधी कधी मोठ्या माणसालाही. तीन महिने सोडाच, त्या मुलीच्या हातात तीन दिवसही नव्हते. मूल सारखं पाणी मागतंय, पुन्हा अंथरूण ओलं करतंय, वाळत चाललंय एवढं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि त्यात उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, गुंगी यातलं काही असेल तर रात्र असली तरी रात्रीच निघा, आणि दवाखान्याच्या दारातच सांगा: आधी हिची शुगर बघा.