बेडलॅम आणि बेथलेहेम: प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली, जरा सविस्तरच लिहितोय. तुमचं म्हणणं असं की बेडलॅम हा गदारोळ या अर्थाचा इंग्रजी शब्द बेथलेहेमवरून आला ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांसारखीच रचलेली गोष्ट आहे, येशूच्या जन्मगावाचा आणि गदारोळाचा काय संबंध, आणि असला तरी अर्थ कळला की पुरे, जुनी मढी कशाला उकरायची.

अशा व्युत्पत्त्यांवर शंका घ्यायलाच हवी, पण इथे मधल्या पायऱ्या कागदावर सापडतात. लंडनमध्ये बिशप्सगेटजवळ १२४७ साली सेंट मेरी ऑफ बेथलेहेमच्या नावाने एक मठ सुरू झाला, तो थेट बेथलेहेमच्या चर्चशी जोडलेला होता, तिकडच्यासाठी दान गोळा करायचा. पुढे त्याचं हॉस्पिटल झालं आणि १४०३ च्या तपासणीत तिथे सहा वेडे पुरुष असल्याची नोंद आहे. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं बेथलेम, बेडलेम, बेडलॅम होत गेलं. शेक्सपिअरच्या किंग लिअर नाटकातला एडगर वेड्याचं सोंग घेताना बेडलॅमच्या भिकाऱ्यांचं नाव घेतो, ते छापलं गेलं १६०८ ला, म्हणजे तोवर बेडलॅम म्हणजे काय हे प्रेक्षकांना समजावून सांगायची गरजच उरली नव्हती. मग सतराव्या शतकातच आधी कुठलंही वेड्यांचं इस्पितळ आणि नंतर कुठलाही आरडाओरडा, असा अर्थ पसरत गेला. याउलट पँडेमोनियम हा गदारोळाच्याच अर्थाचा शब्द बघा, तो कवी मिल्टनने १६६७ च्या पॅराडाइज लॉस्ट या महाकाव्यात नरकाच्या राजधानीसाठी मुद्दाम घडवलेला. बेडलॅमला असा कोणी एक कर्ता नाही.

अर्थ कळला की पुरे, हे मात्र मला अजिबात पटत नाही. १६७६ ला हॉस्पिटल लंडनमधल्याच मूरफील्ड्सला गेलं, रॉबर्ट हूकने तिथे राजवाड्यासारख्या इमारतीचा आराखडा करून दिला, दारावर दोन दगडी पुतळे, एक खिन्न आणि दुसरा साखळदंडात पिसाळलेला. लोक करमणूक म्हणून आतले रुग्ण बघायला यायचे, १७७० ला यावर निर्बंध येईपर्यंत हे चालू होतं. म्हणजे बेडलॅमचा गोंधळ हा बघ्यांना दिसलेला गोंधळ आहे, आतल्या माणसाचं काय चाललंय ते या अर्थात कुठेच नाही. १८१४ मध्ये समाजसुधारक एडवर्ड वेकफिल्ड आणि त्याचे सोबती आत गेले तेव्हा त्यांना जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण सापडला. त्याच्या गळ्यात लोखंडी कडं रिव्हेट मारून बसवलेलं, त्याची आखूड साखळी भिंतीत रोवलेल्या उभ्या लोखंडी दांड्यावर वर-खाली सरकणाऱ्या कडीला, कमरेभोवती आणखी एक पट्टा, आणि असा तो वर्षानुवर्षं होता! पुढच्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. हे माहीत असलेला माणूस तो शब्द जरा वेगळ्या कानाने ऐकतो, एवढंच मला म्हणायचंय.

सभागृहात बेडलॅम माजला असं कोणी लिहिलं तर माझी काही हरकत नाही. मनोरुग्णालयाच्या बातमीच्या हेडलाइनमध्ये तो वापरायला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण तेच हॉस्पिटल बेथलेम रॉयल या नावाने १९३० पासून लंडनच्या बेकनहॅमजवळ आहे आणि तिथे आजही माणसं उपचारासाठी जातात.