गोल तळ्याला 1.27 कुठून आला?

भाचीने काल रात्री प्रोजेक्टमधल्या तळ्याचा शोअरलाइन इंडेक्स, म्हणजे काठाच्या आकाराचा आकडा, पाठवला: 1.27. सोबत सगळीकडे फिरणारा तो मेसेज: 'शोअरलाइन इंडेक्स जितका मोठा तितका काठ वेडावाकडा आणि तळं जिवंत. 1 आला तर तळं मेलेलं समजा. उपग्रहचित्रावरून काढलात तर आकडा अचूक.' तिचं तळं जवळजवळ गोल. तरी 1.27 आला म्हणून पोरगी काठावर नसलेल्या खाचा शोधत बसली होती! चीड आली, म्हणून लिहितोय.

काठाची लांबी भागिले तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा परीघ, एवढाच हा इंडेक्स. वर्तुळाला 1. पण उपग्रहचित्र चौकोनी पिक्सेलचं असतं. पिक्सेलच्या कडांवरून मोजत गेलं की तिरपा काठ जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी जातो. गोल तळ्याभोवती या पायऱ्यांची बेरीज त्रिज्येच्या 8 पट भरते, खरा परीघ 6.28 पट. भागून बघा, 1.27 येतो. लँडसॅट उपग्रहाच्या 30 मीटर पिक्सेलऐवजी सेंटिनेल-2 उपग्रहाचा 10 मीटरचा घेतला तरी सुटका नाही. पायरी लहान होते, पायऱ्या वाढतात, बेरीज तेवढीच.

हाताने नीट रेषा आखली तरी 'अचूक' म्हणू नये. मोजपट्टी लहान करत गेलं की किनाऱ्याची लांबी वाढत जाते, हे गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ यांनी 1967 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात ब्रिटनचं उदाहरण घेऊन मांडलं. तळ्याचा काठ काही वेगळा नाही. नकाशाचं प्रमाण न सांगता दोन तळ्यांची तुलना करणं साफ चूक आहे.

आणि मोठा आकडा म्हणजे वेडावाकडा काठ? 10 किलोमीटर लांब, 100 मीटर रुंद, पट्टीने आखल्यासारखं सरळ तळं घ्या. इंडेक्स 5.7, खाच एकही नाही.

बरं, एवढं मान्य: काठ जास्त असला तर उथळ पाणी आणि पाणवनस्पतींना जागा जास्त मिळू शकते. पण त्याला उतार सौम्य लागतो. कडा थेट खोल पाण्यात उतरत असेल तर वळणं कितीही असोत, उपयोग नाही.

राहिलं 'मेलेलं तळं'. लोणार उल्केच्या विवरातलं, गोलसर. 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. ते काय मेलेल्या तळ्यात वाढले?

भाचीला सांगितलंय, 1.27 खोडू नकोस. शेजारी पिक्सेल किती मीटरचा ते लिही आणि काठ कडांवरून मोजलाय हेही लिही.