खुलासा : वाफ्यात मीठ टाकल्याने बी वाचत नाही

‘पेरणीआधी वाफ्यात मूठभर मीठ मिसळा, बी खाणारे किडे मरतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया करू नका. मिठामुळे बियाला मातीतलं पाणी ओढता येत नाही. घेवड्यासारखं बी तर खारटपणा अजिबात सोसत नाही. म्हणजे अळीच्या आधी आपणच बी मारायचं! शिवाय सोडियमने माती घट्ट होते, वर पापुद्रा धरतो.

आधी न उगवलेलं बी उकरून बघा. घेवडा, मका, काकडीच्या बियात बोगदा आणि आत पांढरी, बिनपायाची अळी दिसली, तर ती एका छोट्या माशीची. ही माशी नुकत्या खणलेल्या ओल्या मातीत, कच्च्या शेणखताच्या वासावर अंडी घालते. म्हणून खत पूर्ण कुजलेलंच घाला. हिरवा पाला गाडला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. माती उबदार झाल्यावर, फार खोल न जाता पेरा. बी जितकं लवकर वर येईल तितकी अळीला संधी कमी.

पिवळसर, कडक, तारेसारखी अळी असेल तर तो वायरवर्म. बटाट्याचे तुकडे काडीला टोचून बोटभर खोल पुरा, दोन-तीन दिवसांनी अळ्यांसकट उपटा. सगळ्या सापडणार नाहीत. त्या मातीत काही वर्षं राहतात. तिथे ट्रेमध्ये रोपं करून लावणं बरं.

आणि रोप बुडाशी मऊ पडून आडवं झालं असेल, तर तो बहुधा बुरशीचा प्रताप. पाणी कमी करा.