‘राजीनामा दिला नसता तर…’ : निकालाच्या नावावर खपवली जाणारी गोष्ट

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंच्या बंडानंतर मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला आणि शिंदे भाजपच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. या सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी निकाल दिला. त्याच दिवसापासून एक दावा फिरू लागला, आणि शिवसेनेचा विषय निघाला की तो आजही वर येतो. शब्द इकडेतिकडे होतात, आशय असा असतो : उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला नसता तर न्यायालयाने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं असतं, हे खुद्द न्यायालयानेच म्हटलं आहे. शिंदे सरकार तर बेकायदा ठरलंच होतं, ठाकरेंच्या एका भावनिक निर्णयामुळे ते वाचलं.

ठाकरेंचे समर्थक हे हळहळत सांगतात, विरोधक खिजवत सांगतात. दोघांचंही काम भागतं, म्हणून दावा टिकून आहे. पण निकाल मुळातून वाचला तर त्यातलं अर्धं सत्य आणि अर्धी भर वेगवेगळी दिसते. ही भर मला निरुपद्रवी वाटत नाही. तिच्यामुळे जून २०२२ ते जानेवारी २०२४ या काळात ज्यांनी ज्यांनी निर्णय घेतले किंवा टाळले, ते सगळे एका माणसाच्या राजीनाम्याआड लपतात.

ठाकरेंच्या स्वतःच्या प्रतिक्रियेनेही या दाव्याला बळ दिलं. निकालाच्या दिवशी त्यांचं म्हणणं असं होतं की कायद्याच्या दृष्टीने आपला राजीनामा चुकीचा असेलही, पण आपण तो नैतिकतेतून दिला, आणि पक्षाशी गद्दारी करणाऱ्यांच्या जोरावर आपण सरकार चालवायचं तरी कसं? आता शिंदे-फडणवीसांनीही नैतिकता दाखवून पायउतार व्हावं, अशी मागणी त्यांनी केली. फडणवीसांचं उत्तर होतं की राजीनाम्यामागे नैतिकता नव्हती, संख्याबळ गेल्याची भीती होती. तेव्हापासून चर्चा ‘नैतिकता की भीती’ याच्यातच अडकली आणि निकाल बाजूला पडला.

पहिला मुद्दा : ‘न्यायालयाने परत बसवलं असतं.’

न्यायालयाने म्हटलं ते एवढंच की ठाकरेंनी राजीनामा दिला नसता, तर त्यांचं सरकार पुन्हा स्थापित करण्याच्या उपायाचा विचार करता आला असता. विचार करता आला असता, केलं असतं नव्हे. राजीनामा स्वेच्छेने दिलेला होता, बहुमत चाचणीला ते सामोरे गेलेच नाहीत, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही न्यायालयापुढे उरलं नव्हतं. युक्तिवादाच्या शेवटच्या दिवशी, १६ मार्च २०२३ रोजी, सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ठाकरे गटाच्या वकिलांना हेच विचारलं होतं : ज्या मुख्यमंत्र्याने चाचणीआधीच राजीनामा दिला, त्याला आम्ही परत कसं बसवायचं?

दाव्यात तथ्याचा अंश आहे, तो मी नाकारत नाही. २९ जून २०२२ च्या रात्री न्यायमूर्ती सूर्य कांत आणि जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला स्थगिती नाकारली, पण चाचणीचा निकाल याचिकेच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहील, असंही नमूद केलं. म्हणजे ठाकरे ३० जूनला सभागृहात हरले असते, तरी पुढे तो पराभव रद्द करण्याची वाट कायद्याने खुली होती. त्याच रात्री दिलेल्या राजीनाम्याने ती वाट बंद झाली, हे खरं.

पण ती वाट जात कुठे होती, हे दावा करणारे सांगत नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की अपात्रतेची याचिका नुसती प्रलंबित असेल, तर आमदाराला सभागृहाच्या कामकाजात भाग घेण्यापासून रोखता येत नाही. म्हणजे पूर्वस्थिती आणली असती तरी शिंदेंसोबतचे आमदार त्याच सभागृहात बसले असते आणि त्यांनी मतदान केलं असतं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाने रीतसर अविश्वास प्रस्ताव आणला असता, तर राज्यपालांच्या चुकीचा प्रश्नही उरला नसता.

आकडे बघा. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६४ मतं पडली, विरोधात ९९. शिंदेंकडचे चाळीसच्या चाळीस आमदार वजा केले तरी १२४ उरतात. ठाकरेंच्या बाजूचे काही सदस्य त्या दिवशी सभागृहात पोहोचले नव्हते. आदल्या दिवशी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला मिळालेली १०७ मतं धरली तरी अंतर भरून निघत नाही. अपक्ष आणि छोटे पक्ष तोवर दुसरीकडे गेले होते. मुख्यमंत्रिपद न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतं, बहुमत नाही.

अरुणाचल प्रदेशात नेमकं हेच झालं. १३ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नबाम रेबिया प्रकरणात १५ डिसेंबर २०१५ ची स्थिती परत आणली आणि नबाम तुकी पुन्हा मुख्यमंत्री झाले. तीनच दिवसांत, बहुमत चाचणीच्या आधी, त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि पेमा खांडू आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुकी वगळता काँग्रेसचे जवळपास सगळे आमदार पक्ष सोडून गेले, डिसेंबर संपेपर्यंत खांडू भाजपचे मुख्यमंत्री होते. ‘न्यायालयाने परत बसवलं असतं’ म्हणणाऱ्यांनी तुकींचे हे तीन दिवस जरूर आठवावेत.

आणखी एक उदाहरण बिहारचं. २३ मे २००५ चं विधानसभा विसर्जन न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, तरी विधानसभा पुनर्जीवित केली नाही, कारण निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती. कृती बेकायदा ठरली म्हणजे घड्याळ मागे फिरतंच, असं नाही.

दुसरा मुद्दा : ‘शिंदे सरकार बेकायदा ठरलं.’

हे निकालात नाही. दोन वेगळे निष्कर्ष एकत्र कालवून हे वाक्य तयार झालं आहे. बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपाल कोश्यारी यांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. त्यांच्यापुढे असलेल्या पत्रांमधून पक्षातल्या काही आमदारांची नाराजी दिसत होती, पण सरकारचा पाठिंबा काढतो असं त्यात नव्हतं. पक्षांतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणीचा वापर करता येत नाही. अधिवेशन चालू नव्हतं, विरोधी पक्षनेत्यांनी अविश्वास प्रस्तावही आणला नव्हता. राज्यपालांवरचे हे ताशेरे फार गंभीर आहेत.

त्याच निकालात पुढे म्हटलं आहे की ठाकरेंच्या राजीनाम्यानंतर, सर्वांत मोठ्या पक्षाने म्हणजे भाजपने पाठिंबा दिल्यावर, शिंदेंना सरकार स्थापनेसाठी बोलावण्यात राज्यपालांचं काही चुकलं नाही. पहिला निष्कर्ष सांगायचा आणि दुसरा गाळायचा, ही लबाडी झाली. शिंदे गटानेही त्या दिवशी उलट बाजूने तेच केलं : दुसरा सांगितला, पहिला गिळला. ‘शिंदे गटाचे सोळा आमदार अपात्र ठरले’ असंही काही ठिकाणी सांगितलं जातं, त्याला तर काहीच आधार नाही. तो निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा, असं न्यायालयाने सांगितलं होतं.

तिसरा मुद्दा : ‘सगळं त्या एका रात्री गमावलं.’

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. निर्णायक दिवस २९ जून नव्हता. निदान एकटा २९ जून नव्हता.

२०१६ मध्ये उत्तराखंडमध्ये हरीश रावत यांचं सरकार वाचलं ते कशामुळे? काँग्रेसच्या नऊ बंडखोर आमदारांना अध्यक्षांनी आधीच अपात्र ठरवलं होतं. १० मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने बहुमत चाचणी झाली तेव्हा त्या नऊ जणांना मत देता आलं नाही, आणि रावत ३३ विरुद्ध २८ असे जिंकले. फरक पडला तो अपात्रतेचा निर्णय चाचणीच्या आधी झाल्यामुळे.

महाराष्ट्रात असा निर्णय घेणारं पूर्णवेळ कोणी जागेवरच नव्हतं. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि जुलै २०२२ पर्यंत ती जागा रिकामी राहिली. त्यासाठी राजभवनाइतकीच महाविकास आघाडीही जबाबदार आहे, हे तिच्या समर्थकांनी मान्य करायला हवं. पावणेदोनशेच्या आसपास आमदारांचा दावा करणारी आघाडी इतका काळ आपला अध्यक्ष बसवू शकली नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी २५ जूनला सोळा आमदारांना नोटिसा काढल्या आणि २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. बंडखोरांनी झिरवाळ यांनाच हटवण्याची नोटीस दिली होती. नबाम रेबिया निकालानुसार अशी नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाला अपात्रतेवर निर्णय देता येत नाही. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. दोनच दिवसांनी त्याच न्यायालयाने बहुमत चाचणी रोखायला नकार दिला.

या दोन आदेशांचा एकत्रित परिणाम काय झाला, ते समजायला कायद्याची पदवी लागत नाही. अपात्रतेचा निर्णय थांबला, मतदान थांबलं नाही. जवळपास अकरा महिन्यांनंतर त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की चाचणी बोलावणंच समर्थनीय नव्हतं, आणि नबाम रेबिया निकाल फेरविचारासाठी सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. न्यायालयाचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही, पण वेळीच न मिळालेल्या उपायाचं खापर फक्त राजीनामा देणाऱ्यावर फोडलं जातं, हे मला मान्य नाही.

चौथा मुद्दा : ‘नैतिकता होती म्हणून’ किंवा ‘घाबरले म्हणून’.

न्यायालयाने राजीनाम्याच्या हेतूबद्दल काहीही म्हटलेलं नाही. ठाकरेंना शाबासकी नाही आणि दूषणही नाही. त्यांनी आपल्या निर्णयाला नैतिक म्हणावं, तो त्यांचा अधिकार आहे. त्यासाठी निकालाचा दाखला मात्र देता येत नाही.

निकालात ठाकरेंच्या बाजूचं जे खरोखर होतं, त्याची चर्चा त्या गदारोळात फारशी झालीच नाही. प्रतोद (सभागृहात आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असं न्यायालयाने ठरवलं. भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता देण्याचा अध्यक्षांचा ३ जुलै २०२२ चा निर्णय बेकायदा ठरवला. ‘पक्षात फूट पडली’ म्हणून अपात्रता टाळण्याचा बचाव आता उपलब्ध नाही, कारण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला, तो परिच्छेदच काढून टाकला आहे, हेही सांगितलं. खरा पक्ष कोणता हे ठरवताना कोणाकडे किती आमदार एवढंच न बघता पक्षाची घटना बघा, अशी दिशा अध्यक्षांना दिली.

या दिशेचं पुढे काय झालं, तिथे सगळ्यांचं लक्ष हवं होतं. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना निर्णयासाठी सर्वोच्च न्यायालयाने आधी ३१ डिसेंबर २०२३ आणि मग १० जानेवारी २०२४ ही मुदत घालून दिली. त्या शेवटच्या दिवशी त्यांनी निर्णय दिला. २०१८ ची पक्षघटना निवडणूक आयोगाच्या नोंदीत नाही, म्हणून १९९९ ची ग्राह्य धरली. २१ जून २०२२ पासून शिंदे गटच खरी शिवसेना, गोगावलेंची नेमणूक वैध, आणि दोन्ही गटांतलं कोणीही अपात्र नाही. ठाकरेंनी १६ जानेवारीला वरळीत महापत्रकार परिषद घेऊन पक्षाच्या बैठकांच्या चित्रफिती दाखवल्या. २०२२ च्या राजीनाम्यावरच्या कितीतरी तासांच्या वादापेक्षा ही प्रतिक्रिया मला जास्त नेमकी वाटते, कारण ती कागदपत्रांवर आणि अध्यक्षांच्या निष्कर्षावर बोट ठेवत होती. पक्षघटनेची प्रत आयोगाकडे आहे की नाही हा प्रश्न पक्षाने २०१८ मध्येच नीट हाताळला असता, तर अध्यक्षांना तो आधार इतक्या सहज मिळाला नसता, हेही तितकंच खरं.

मणिपूरच्या केशम मेघचंद्र सिंह प्रकरणात २०२० सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अपवादात्मक परिस्थिती नसेल तर अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका तीन महिन्यांत निकाली काढाव्यात. महाराष्ट्रात पहिल्या नोटिसा जून २०२२ च्या आणि निर्णय जानेवारी २०२४ चा. नार्वेकरांच्या निर्णयाविरुद्ध ठाकरे गट लगेच सर्वोच्च न्यायालयात गेला, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक होऊन त्या विधानसभेची मुदतच संपली. ज्या सभागृहाच्या सदस्यत्वावरून हा सगळा वाद होता, ते सभागृह अंतिम उत्तर मिळण्याआधीच इतिहासजमा झालं.