शेंडा छाटून भागत नाही

पावसाळ्याआधी विजेच्या तारेला लागणाऱ्या झाडांचे शेंडे उडवा, असं एका लेखात म्हटलंय. पण सुबाभूळ, निलगिरीचा शेंडा उडवला की खालून दहा धुमारे सरळ तारेकडेच जातात. तारेकडची फांदी जिथून फुटते तिथूनच काढावी. जाड असेल तर आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप. नाहीतर साल खोडापर्यंत सोलते. बांबू तर बेटच हलवावं, तो एका पावसाळ्यात परत तारेत.

पाटण, जावळीकडे (सातारा जिल्हा) ओली फांदी ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्ट) तारेला टेकली की अर्थ फॉल्ट होऊन, म्हणजे वीज जमिनीत उतरून, अख्खा फीडर (गावांना वीज नेणारी लाईन) ट्रिप होतो, बंद पडतो. कोरडी फांदी जास्त घातक. करंट इतका कमी वाहतो की रिलेला (बिघाड ओळखून लाईन बंद करणाऱ्या यंत्राला) कळतच नाही, आणि झाड जिवंत राहतं, विजेच्या अर्थाने, म्हणजे झाडात वीज राहते.

फक्त एबी स्विच (खांबावरचा, तिन्ही तारा तोडणारा स्विच) खाली ओढून कोणी झाडावर चढू नये. एखादं ब्लेड अडकून राहतं. परमिट (लाईन बंद ठेवून काम करण्याची लेखी परवानगी), तिन्ही ब्लेड उघडल्याची नजरेने खात्री, हाय व्होल्टेज टेस्टरने तपासणी, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने अर्थिंग, म्हणजे तारा जमिनीला जोडणं. कारण कुणाचा जनरेटर चेंजओव्हरशिवाय (लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) जोडलेला असला तर ट्रान्सफॉर्मरमधून उलटा ११ केव्ही येतो. शेतकऱ्यांनी स्वतः कोयता बांधलेली काठी अजिबात वापरू नये, बांबूची असली तरी.