एक ओळ बदलली म्हणून डिस्क फॉरमॅट?

परवा रात्री अकराला भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप चालूच होत नाहीये. फॉरमॅट मारू?" सकाळी प्रोजेक्टचा रिपोर्ट द्यायचा, आणि त्याची एकुलती एक प्रत त्याच डिस्कवर. खोदून विचारल्यावर कळलं, 'लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) दुप्पट वेगानं सुरू करा' अशा फिरत्या मेसेजचा प्रताप. माझ्याकडेही तो तीनदा आलाय. दरवेळी हसून सोडून दिला, ती चूकच झाली.

मेसेज सांगतो ते असं: ग्रब (मशीन चालू केल्यावर लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर) याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट' ही ओळ शोधा. तिथलं 'क्वाएट स्प्लॅश' उडवा, 'एसीपीआय=ऑफ मिटिगेशन्स=ऑफ' लिहा, मग 'अपडेट-ग्रब' ही कमांड चालवा. मशीन सुरू झालं नाही तर बूटलोडर करप्ट झाला समजा, रिकव्हरी मोडचाही (दुरुस्तीसाठी ठेवलेल्या साध्या सुरुवातीचाही) उपयोग नाही, फॉरमॅट करून नव्यानं इन्स्टॉल करा. (नावं इथं देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती रोमनच असतात.)

'क्वाएट स्प्लॅश'वर फार वेळ घालवत नाही. क्वाएट म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) बडबड लपव, स्प्लॅश म्हणजे तोवर चित्र दाखव. काढल्यानं बिघडत नाही, पण दुप्पट वेगही येत नाही. वेळ कुठं जातो ते बघायचंच असेल तर 'सिस्टमडी-अॅनालाइझ' चालवा. फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला प्रोग्रॅम), कर्नल आणि त्यानंतरच्या सर्व्हिसेस यांचा वेगवेगळा हिशोब मिळतो.

'मिटिगेशन्स=ऑफ'मध्ये तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांवर कर्नलनं जे बंदोबस्त केले त्यांनी काही कामं मंदावली, आणि हा पर्याय ते बंदोबस्त काढून टाकतो. पण फरक पडला तर चालू मशीनवरच्या कामात. बूट व्हायला लागणाऱ्या वेळाशी त्याचा जवळपास संबंध नाही. आणि ज्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडून बँकेचा पासवर्ड टाकता, त्यावर हा उद्योग कशाला?

भाच्याचा घात केला तो 'एसीपीआय=ऑफ'नं. एसीपीआय हे 1996 सालचं मानक. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) किती, कुठल्या उपकरणाचा इंटरप्ट (लक्ष वेधायचा इशारा) कुठं जोडलाय, बॅटरी, पंखा, पॉवर बटण ही सगळी माहिती फर्मवेअर त्यातूनच ऑपरेटिंग सिस्टमला देतं. ते बंद केलं की कर्नलला सहसा एकच कोअर दिसतो. म्हणजे वेग वाढवायला निघालेल्या माणसानं बाकीचे कोअर स्वतःच्या हातानं बंद केले! आणि हेसुद्धा मशीन सुरू झालं तर. आजचे बरेच लॅपटॉप मध्येच अडकतात, नाहीतर कीबोर्ड-टचपॅड मुके होतात. फार पूर्वी काही मशीन्सची एसीपीआय टेबलं सदोष असायची, तेव्हा हा तोडगा चालून जायचा. तेवढी अर्धी भाकरी घेऊन मेसेजवाल्यानं पंगत मांडलीय.

पण या सगळ्याहून वाईट ओळ शेवटची: फॉरमॅट करा. अरे, का? बदललेली ती ओळ म्हणजे फक्त बूट होताना कर्नलच्या हातात दिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीत वेडंवाकडं लिहिलं म्हणून घर पाडायचं? बूटलोडर ठणठणीत असतो, फाइल्स जागेवर असतात. रिकव्हरी मोडबद्दल तर मेसेज धडधडीत खोटं बोलतो. ग्रबच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की नावात 'डीफॉल्ट' असलेल्या ओळीतले पर्याय ग्रबच्या मेनूतल्या फक्त नेहमीच्या नोंदीला लागतात, रिकव्हरीच्या नोंदीला नाही. दोन्हींना लागणारी ओळ वेगळी आहे, 'डीफॉल्ट' नसलेली. म्हणजे या चुकीतून बाहेर पडायचं दार ग्रब बनवणाऱ्यांनीच ठेवलंय, आणि मेसेज नेमकं तेच दार बंद आहे म्हणून सांगतो.

भाच्याला फोनवर सांगितलं ते इतकंच. मशीन सुरू होताना एस्केप दाब (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायची), ग्रबचा मेनू आला की नेहमीच्या नोंदीवर 'ई' दाब. 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीतून 'एसीपीआय=ऑफ' खोड, कंट्रोल-एक्स. लॅपटॉप उठला. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून मग मूळ फाइल दुरुस्त करून पुन्हा 'अपडेट-ग्रब'. सगळं मिळून दहा मिनिटं, आणि त्यातली निम्मी "मामा, कुठली ओळ?" यात गेली. नवा पर्याय आजमावायचाच असेल तर तोही आधी इथंच 'ई' दाबून टाकून बघावा. फसला तर रीस्टार्ट, विषय संपला.

आता उरले "आम्ही केलं, आम्हाला काही झालं नाही" म्हणणारे. माझा एक मित्र त्यातलाच. त्याची फाइल बघितली, तर मेसेजमधून जशीच्या तशी चिकटवलेली ओळ, आणि अवतरणचिन्हं साधी सरळ नव्हे, छापील वळणाची. ही फाइल शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) वाचतो आणि शेलला ती चिन्हं कळत नाहीत. त्यानं स्पेसपाशी ओळ तोडली, 'मिटिगेशन्स=ऑफ' ही भलतीच वेगळी सेटिंग समजून बाजूला टाकली, आणि 'एसीपीआय=ऑफ'च्या पुढं वाकडं चिन्ह चिकटलेलंच राहिलं, त्यामुळं कर्नलला ते ओळखताच आलं नाही. एररही आली नाही, म्हणून मित्राला पत्ताच नव्हता. दोन्हींपैकी एकही पर्याय लागू झालाच नव्हता.

"पण आता लवकर सुरू होतंय रे," असं त्यानं मला आठवडाभर ऐकवलं होतं.