पदरी पडला चणक

गोव्यातल्या माणसाला मासळीतलं कळतं, असा एक समज आहे. तो आम्हीच पसरवलाय. फोंड्याच्या बाजारात मीही कल्ले उचलून लाल आहेत का बघतो, पोटावर बोट दाबतो, नाक मुरडतो आणि शेवटी बायको सांगेल ते घेतो. पुढचं सगळं विळी घेऊन बसलेली बाई करते. दहा मिनिटांत पिशवीत तुकड्या! त्या बाईच्या जिवावर आम्ही खवय्ये.

बायको माहेरी गेलेली, रविवारची संध्याकाळ, आणि शेजारचे काका दारात. हातात सुतळीला लोंबणारा अख्खा चणक, चांगला दोन किलोचा. रायगडातले लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो जिताडा, तोच हा. ‘‘मानशीवरचा आहे, सकाळचा!’’ खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला दारं असतात, तीच मानस. भरतीला मासे आत शिरतात आणि ओहोटीला पाणी सोडलं की जाळ्यात सापडतात. त्यातला एक सापडला आणि त्याच्यामागोमाग मी.

बाजार उठलेला. उद्या सोमवार, म्हणजे आमच्याकडे शिवराक, मासळी बंद. फ्रीजमध्ये मासा तिरका, उभा, आडवा कसाही मावेना. म्हटलं, आजच काय ते होऊन जाऊ दे.

चणकाचे खवले नखाएवढे असतात, आणि शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढली की ते निघत नाहीत, सुटतात! पहिला चष्म्याच्या काचेवर बसला. दुसरा पंख्यावर. एक थेट देव्हाऱ्याच्या दिशेने गेला, त्याचा शोध मी मुद्दामच घेतला नाही. निम्मा मासा झाल्यावर आईचा फोन आला. ‘‘अरे, बादलीत पाण्याखाली धरून खरवड, म्हणजे उडत नाहीत.’’ आमच्या घरातलं ज्ञान नेहमी याच वेळेला येतं. कल्ल्याच्या झाकणाला पात्यासारखी धार असते, हे मात्र तिनेही सांगितलं नाही. ते अंगठ्याने सांगितलं.

मग पोट. ‘‘सुरी वरवर चालव हं,’’ आई म्हणाली, ‘‘आत हिरवं पित्त असतं. फुटलं की सगळा मासा कडू.’’ मी फोन स्पीकरवर टाकला, चीर पाडली आणि आत हात घातला. आतड्यांच्या गुंत्यात काळजाला चिकटून ती हिरवट पिशवी दिसली, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. आयुष्यात एवढ्या हळुवारपणे मी कशालाही हात लावलेला नाही. लग्नात मंगळसूत्र घालतानाही नाही.

‘‘गाबोळी आहे का रे?’’

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. आता चणकाची गंमत अशी, की तो पहिली काही वर्षं नर असतो आणि पुढे मोठा झाला की मादी होतो. दोन किलोचा म्हणजे बहुधा अजून नरच. ‘‘याचं अजून ते वय झालेलं नाही,’’ मी आईला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मासा कापून तुकड्या कराव्यात, हे शहाणपण सुचायला हवं होतं. पण एवढी मेहनत केल्यावर तुकडे कोण करणार? अख्खाच भाजायचा ठरवला. दोन्ही बाजूंना खोल चिरा दिल्या आणि मागच्या गल्लीतल्या आंटीने दिलेला रेशाद मसाला (काश्मिरी मिरची, लसूण, मिरी, व्हिनेगर) चिरांत आणि पोटात ठासून भरला. मिरची कापलेल्या अंगठ्यातही भरली गेली, तिला कुठे फरक कळतो! तव्यावर मासा कोपऱ्यातून कोपऱ्यात घातला, तरी डोकं एका बाजूला बाहेर आणि शेपटी दुसऱ्या. उलथताना शेपटी कुटुंबातून वेगळी निघाली. वरून खरपूस, पाठीचा जाड भाग मात्र आतून काचेसारखा कच्चा, म्हणून पुन्हा झाकण, पुन्हा मंद आच. साडेदहाला पानावर बसलो. चव? झकास. डोक्याचं मांस तर मी हाडं चोखून संपवलं. बाजारात मी ते कितीदा बाईकडेच सोडून आलोय, याचा हिशेब नको.

दुसऱ्या दिवशी काका फाटकाशी भेटले. ‘‘कसा होता? पुढच्या रविवारी याच्याहून मोठा आणतो!’’

‘‘नको, नको,’’ मी म्हटलं, ‘‘आमचा श्रावण चालू आहे.’’

‘‘जानेवारीत?’’

‘‘हो. यंदा अधिक आहे ना.’’